सीमेवरची भिंत आणि दारावरचा माणूस

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी काही विद्वान माणूस नाही. नववीत शाळा सुटली. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभं राहून तीस वर्षं गेली. जे काही वाचलं ते रात्रपाळी सुटल्यावर, याच विहाराच्या वाचनालयातल्या बाकड्यावर बसून वाचलं. त्यामुळे बोलण्यात काही कमीजास्त झालं तर आपलाच माणूस म्हणून सांभाळून घ्या.

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो आपल्या पोरांनी निवडला. अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी मुलं बसतात, हे तुम्हाला माहीत आहे. कुणी पोलीस भरतीची, कुणी सीमा सुरक्षा दलाची. एका संध्याकाळी त्यांचा वाद चालला होता. एकजण म्हणाला, "काका, एवढी माणसं सीमेवर कशाला मारायची? चारी बाजूंनी चीनसारखी भिंत बांधून टाकायची. विषय संपला." दुसरा म्हणाला, "भिंतीनं काय होतंय? ज्याला यायचं तो येतोच." दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, वाचून सांगतो. समितीने ते ऐकलं आणि आज मला इथे उभं केलं.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. कारण भरती झाली तर त्या तारेपाशी, त्या थंडीत आणि उन्हात उभं राहायला जाणार आहेत ती आपलीच पोरं. म्हणून देश भिंती का बांधतात आणि त्या भिंतींनी माणूस खरोखर सुरक्षित होतो काय, हे आपण नीट तपासून घेतलं पाहिजे. तपासल्याशिवाय मानू नये, हीच तर बुद्धांची शिकवण आहे.

सुरुवात मी माझ्या ओळखीच्या भिंतीपासून करतो. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. गिरणीला दोन पुरुष उंचीची दगडी भिंत, वर काचांचे तुकडे रोवलेले. पाळी सुटली की गेटवर कामगारांची झडती. डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे. का, तर कुणी सुताचं एखादं बोबिन नेऊ नये. मग १९८२ चा संप झाला, आणि वडिलांची गिरणी पुढे कायमची बंद पडली. तिथली यंत्रं कुठे गेली? भिंतीवरून उडी मारून कुणी नेली काय? नाही. ती गेटमधूनच गेली. दिवसाढवळ्या, रीतसर गेटपास फाडून, ट्रकमध्ये भरून गेली. झडती झाली कामगाराची, आणि गिरणी गेली वरच्या सहीने. तेव्हा मी लहान होतो. पण वडिलांचं एक वाक्य माझ्या कायम लक्षात राहिलं. ते म्हणायचे, "भिंत काय करील? भिंतीला दार असतं, आणि दारावर माणूस असतो." आज मी जे सांगणार आहे ते एवढंच आहे. बाकी सगळे दाखले.

आता चीनची भिंत. आपण चित्रात जी बघतो ती बरीचशी मिंग घराण्याच्या काळातली आहे. चीन सरकारने २०१२ साली सगळ्या राजवटींनी बांधलेल्या भिंतींची मोजणी जाहीर केली, तेव्हा ती २१,००० किलोमीटरच्या वर भरली. एवढी अवाढव्य भिंत! तरीसुद्धा १५५० साली अल्तान खान नावाच्या मंगोल सरदाराचं सैन्य बीजिंगच्या वेशीपर्यंत येऊन लुटालूट करून गेलं. तो का आला होता? मंगोल लोक घोडे पाळणारे. त्यांना घोडे विकून धान्य, कापड, भांडी पाहिजे होती, आणि चीनचा दरबार बाजार उघडायला तयार नव्हता. पुढे १५७१ साली तह झाला, सरहद्दीवर बाजार भरायला लागले, आणि त्या बाजूची मोठी धुमश्चक्री थांबली. वर्षानुवर्षं जे भिंतीला जमलं नव्हतं ते बाजाराने केलं.

आणि शेवट काय झाला? १६४४ साली राजधानीतच बंड झालं. करांनी आणि दुष्काळाने पिळून निघालेल्या लोकांच्या फौजेने बीजिंग घेतलं आणि मिंग सम्राटाने गळफास लावून घेतला. तेव्हा शानहाई नावाच्या नाक्यावर, जिथे भिंत समुद्राला मिळते तिथे, वू सानगुई हा सेनापती पहाऱ्यावर होता. त्याने बंडखोरांशी लढायला बाहेरच्या मांचू सैन्याशी हातमिळवणी केली आणि भिंतीचं दार उघडून दिलं. मांचूंनी मग १९१२ पर्यंत चीनवर राज्य केलं. भिंतीचा एक दगडही न पाडता देश गेला. दारावरचा माणूस फिरला, आणि तो फिरला कारण आतलं घर आधीच जळत होतं.

तुम्ही म्हणाल ही जुनी गोष्ट झाली, तेव्हा तोफा-विमानं कुठे होती. तर फ्रान्सकडे बघा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सची लाखो माणसं मेली. त्या धास्तीने १९३० च्या आसपास त्यांनी जर्मनीच्या सीमेवर तटबंदी बांधायला घेतली. तिला माजिनो रेषा म्हणतात. जमिनीखाली बराकी, दवाखाने, दारूगोळा न्यायला छोटी रेल्वेसुद्धा! सैन्याला वाटलं, आता काळजी नाही. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य त्या मुख्य तटाला बगल देऊन, बेल्जियम आणि आर्देनच्या जंगलातून आत आलं, आणि १४ जूनला पॅरिस पडलं. तट कमजोर नव्हता. पण तट बांधला म्हणून डोळे मिटले, ते नडलं.

मग मंडळी, सैन्य अडवायला भिंत फारशी कामाची नाही, हे राज्यकर्त्यांना कळत नाही काय? चांगलं कळतं. तरीही भिंती बांधल्या जातात. बर्लिनची भिंत पडली तेव्हा जगात सीमेवरच्या भिंती पंधराच्या आसपास होत्या, आज अभ्यासकांच्या मोजणीप्रमाणे त्या सत्तरच्या वर आहेत. म्हणजे भिंतीचा हेतू दुसराच काही असला पाहिजे. तो हेतू शोधायचा तर एकच विचारायचं : पहारेकऱ्याचं तोंड कुणाकडे आहे?

बर्लिनमध्ये ते आतल्या बाजूला होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले. १९४९ ते १९६१ या बारा वर्षांत पूर्व जर्मनीतून पंचवीस लाखांवर माणसं पश्चिमेकडे निघून गेली. त्यांत डॉक्टर, इंजिनिअर, कुशल कामगार. हात गेले तर कारखाना कोण चालवणार? म्हणून १३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे तारा ओढल्या गेल्या आणि मग भिंत उभी राहिली. पश्चिम बर्लिनभोवती तिची लांबी दीडशे किलोमीटरच्या वर होती. सरकार सांगत होतं की हा फॅसिस्टांपासून संरक्षण करणारा तट आहे. पण गोळ्या झाडल्या गेल्या त्या आपल्याच लोकांवर. त्या भिंतीपाशी किमान १४० माणसं मेली. स्वतःला कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्यांनी कामगारालाच कोंडून ठेवलं, हे मला कामगार म्हणून बोलताना जड जातं. पण खरं ते खरं. ९ नोव्हेंबर १९८९ ला ती भिंत लोकांच्या रेट्याने उघडली.

आपल्या माणसाला बाहेर जाऊ न देणारा पहारा म्हटलं की आणखी एकाची आठवण होते, आणि तो आपल्या जवळचा आहे. भिक्खू युआन श्वांग, ज्याला आपण शाळेत ह्यू-एन-त्संग म्हणून वाचलं. इ. स. ६२९ च्या सुमाराला तो भारताकडे निघाला तेव्हा चीनच्या सम्राटाची पश्चिमेकडे जायला बंदी होती. राज्य नवीन होतं, सरहद्द धोक्याची होती. युआन श्वांग लपत, रात्रीचा प्रवास करत सरहद्दीवर पोचला. पुढे वाळवंटात पहाऱ्याचे बुरूज होते, आणि पाणी फक्त बुरुजांपाशीच होतं. पहिल्या बुरुजापाशी पाणी घ्यायला तो वाकला तसे वरून बाण आले. त्याने ओरडून सांगितलं की मी भिक्खू आहे. बुरुजावरच्या अधिकाऱ्याने त्याला आत बोलावलं, चौकशी केली. तो अधिकारी स्वतः बौद्ध उपासक होता. त्याने आधी परत जायचा सल्ला दिला. पण या माणसाचा निश्चय बघून पाणी आणि शिधा देऊन पुढची वाट दाखवली.

त्या अधिकाऱ्याने त्या दिवशी बाणच चालवले असते तर? युआन श्वांग नालंदाला आला नसता. तो आपल्या महाराष्ट्रात आला, पुलकेशी राजाबद्दल आणि इथल्या लोकांच्या स्वभावाबद्दल त्याने लिहून ठेवलं, डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णन केलं. ते अजिंठ्याचं असावं असं विद्वान मानतात. ते काहीच आपल्याला मिळालं नसतं. १९ व्या शतकात कनिंगहॅमने बुद्धभूमीतली हरवलेली स्थळं शोधली ती याच्या प्रवासवर्णनाचा आधार घेऊन. ६४५ साली तो साडेसहाशेच्या वर ग्रंथ घेऊन परत गेला, तेव्हा त्याच सम्राटाने त्याचं स्वागत केलं! बंदीचा हुकूम तंतोतंत पाळला गेला असता तर चीनचं रक्षण झालं नसतं, नुकसान झालं असतं.

तिसरा हेतू कर वसुलीचा. ही हकीकत आपल्याच देशातली आहे, पण फार थोड्यांना माहीत असते. इंग्रजांनी मिठावर भारी कर बसवला होता. संस्थानी मुलखातलं स्वस्त मीठ कर चुकवून आत येऊ नये म्हणून त्यांनी पंजाबपासून ओरिसाकडे अशी सुमारे ४,००० किलोमीटर लांबीची जकात-रेषा आखली. तिच्या मोठ्या भागात, झाशी, बुऱ्हाणपूर या बाजूंनी, चक्क काटेरी कुंपण लावलं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर. माणसापेक्षा उंच आणि तितकंच जाड. पहाऱ्याला बारा हजारांवर शिपाई. तिथे शत्रूचं सैन्य नव्हतं. डोक्यावर मिठाचं गाठोडं घेतलेला गरीब माणूस होता. शिपाई लाच खात होते, आणि ज्याच्याकडे पैसा त्याचं मीठ जात होतं. १८७९ साली हे कुंपण सोडून दिलं गेलं. दया आली म्हणून नव्हे, तर सांभरसारख्या मिठागरांवरच सरकारने ताबा मिळवला आणि उगमापाशीच कर घ्यायची सोय झाली म्हणून. कुंपण गेलं, कर राहिला. आज ते कुंपण दाखवा म्हटलं तर सापडत नाही.

चौथा हेतू आजचा आहे, आणि तो आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या पोटाशी निगडित आहे. अमेरिका आणि मेक्सिको यांची सीमा ३,१०० किलोमीटरच्या वर आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शेतात माणसं कमी पडली, तेव्हा १९४२ पासून सरकारनेच करार करून मेक्सिकोचे मजूर बोलावले. लाखो मजूर गेले. १९६४ साली तो करार बंद केला. पण पिकं तोडायचं काम बंद झालं नाही, मालकाला स्वस्त मजूर हवाच होता. म्हणजे मजूर तोच, शेत तेच, फक्त कालचा पाहुणा आज गुन्हेगार ठरला.

१९९४ साल लक्षात ठेवा. १ जानेवारीला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापाराचा करार अमलात आला. माल मोकळा, भांडवल मोकळं. अमेरिकेचा स्वस्त मका मेक्सिकोत शिरला आणि तिथला लहान शेतकरी मोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन दिएगो शहरापाशी सीमा बंद करायची मोठी मोहीम सुरू झाली. तिथलं कुंपण कशाचं होतं? व्हिएतनाम युद्धात विमानांच्या धावपट्टीसाठी वापरायचे ते उरलेले लोखंडी पत्रे! मालाला दार उघडलं आणि ज्याचं शेत त्या मालाने बुडवलं त्या माणसाला पत्रा आडवा लावला.

त्याने माणसं थांबली काय? शहरापाशी थांबली, आणि ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळली. तिथे तहानेने आणि उन्हाने हजारो माणसं मेली. वाट दाखवणाऱ्या दलालांचा दर वाढला. अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे. पूर्वी हे मजूर हंगामापुरते यायचे आणि परत घरी जायचे, आपल्याकडचे ऊसतोड कामगार जातात-येतात तसे. ये-जा अवघड झाल्यावर त्यांनी परत जाणंच सोडलं आणि बायका-मुलांना तिकडे बोलावून घेतलं. बाहेर ठेवायला बांधलेल्या भिंतीने त्यांना आत कोंडलं! आणि विमानाने, रीतसर व्हिसा घेऊन येऊन मुदतीनंतर राहून जाणारा वेगळाच. त्याला भिंत दिसतसुद्धा नाही.

आता आपल्या घरात या. दुसऱ्याच्या भिंतीबद्दल बोलणं सोपं असतं.

भारत आणि बांगलादेश यांची सीमा ४,०९६ किलोमीटरची. १९८५ च्या आसाम करारात ती बंदोबस्तात आणायचं ठरलं, आणि आज सुमारे ३,२०० किलोमीटरवर कुंपण झालं आहे. दोन देशांच्या समजुतीप्रमाणे सीमारेषेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही, म्हणून कुंपण बऱ्याच ठिकाणी आतल्या बाजूला आलं. झालं काय, आपल्याच शेतकऱ्यांची शेतं, काही ठिकाणी घरंसुद्धा, कुंपणापलीकडे राहिली. ठरलेल्या वेळी फाटक उघडणार, ओळखपत्र जमा करून शेतावर जायचं, आणि फाटक बंद व्हायच्या आत परत यायचं. रात्री बाई अडली किंवा कुणाला साप चावला तर काय करायचं, ते तुम्हीच विचार करा.

जानेवारी २०११ मध्ये एक पंधरा वर्षांची बांगलादेशी मुलगी बापाबरोबर भारतातून आपल्या घरी निघाली होती. तिचं लग्न ठरलं होतं. पहाटे शिडीवरून कुंपण ओलांडताना तिचे कपडे तारेत अडकले, ती ओरडली आणि गोळी लागली. तिचा देह काही तास तारेवर लटकत राहिला. ती शत्रू नव्हती, मजुराची पोर होती. आणि ज्याने गोळी झाडली तोही बहुधा आपल्यासारख्याच कुठल्या तरी घरातला, नोकरीसाठी भरती झालेला. मला त्या दोघांचाही विचार सुटत नाही. भरतीला जाणाऱ्या मुलांनो, तुम्हीही हा विचार सोडू नका.

आता दुसरी बाजू. मी काही झालं तरी भिंत नको म्हणणारा नाही. पंजाबच्या सीमेवर १९८८ पासून तारेचं कुंपण आणि दिवे लावले, काश्मीरच्या ताबारेषेवर २००३-०४ मध्ये कुंपण केलं. त्याने घुसखोरी अवघड झाली, हे मान्य केलं पाहिजे. मात्र नोव्हेंबर २००३ मध्ये दोन्ही बाजूंनी तोफा थांबवल्या होत्या, तेव्हा कुंपण बांधणं शक्य झालं, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. कुंपणाने वेळ मिळतो. सीमा सुरक्षा दलातून सुट्टीवर आलेला आपल्या वस्तीतला मुलगा मला म्हणाला, "काका, तार वाजते एवढंच. कोण आलंय ते तारेला कळत नाही, ते आम्हालाच बघावं लागतं." मी एवढं वाचून जे सांगतोय ते त्याने एका वाक्यात सांगितलं. आणि आता तर पंजाबात ड्रोनने अमली पदार्थ आणि हत्यारं तारेवरून येतात. तार जमिनीवर, माल आकाशातून.

२६ नोव्हेंबर २००८. दहा अतिरेकी आले ते कुठून? तारेचं कुंपण असलेल्या सीमेवरून नाही, समुद्रातून आले. मासेमारीची एक बोट पळवून, मुंबईत कुलाब्याच्या कोळी वस्तीपाशी उतरले. १६६ माणसं गेली. समुद्राला कुणी भिंत बांधणार आहे काय? त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे या सहायक फौजदाराने, हातात फक्त काठी असताना, कसाबच्या बंदुकीची नळी घट्ट धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या पण सोडली नाही. म्हणून एक अतिरेकी जिवंत सापडला आणि सगळा कट उघडा पडला. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला साधा माणूस. देशाची भिंत त्या रात्री तो होता.

आणि ज्यांच्याकडे पैसा आणि यंत्रं दोन्ही भरपूर आहेत त्यांचं काय? इस्रायलने २००२ पासून वेस्ट बँकमध्ये भिंत बांधली. त्यानंतर आत्मघातकी हल्ले बरेच कमी झाले, असं ते सांगतात. ते हल्ले कमी झाले हे खरं आहे. पण ती भिंत बऱ्याच ठिकाणी पॅलेस्टिनी लोकांच्या जमिनीतून गेली, आणि २००४ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बेकायदा असल्याचं मत दिलं. गाझाभोवती त्यांनी ६५ किलोमीटरचं नवीन कुंपण केलं. जमिनीखालपर्यंत भिंत, कॅमेरे, रडार, दुरून चालणाऱ्या बंदुका. डिसेंबर २०२१ मध्ये ते पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. दोन वर्षं झाली नाहीत तोच ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या लोकांनी ड्रोनने कॅमेरे निकामी केले, बुलडोझरने कुंपण पाडलं आणि आत शिरून सुमारे १,२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझात हजारो हजार माणसं मारली गेली, त्यांत लेकरं किती! कुंपणाच्या अलीकडचाही सुरक्षित राहिला नाही आणि पलीकडचाही नाही. वैराने वैर शमत नाही, असं तथागतांनी सांगितलं आहे. तिथे सिमेंट ओतूनही ते शमलं नाही.

मग बांधतात का? मला समजतं ते असं. भिंत डोळ्यांना दिसते. शिक्षण, न्याय, शेजाऱ्याशी समझोता ही कामं वेळ खातात आणि फोटोत येत नाहीत. भिंतीचं उद्घाटन करता येतं. तिच्यावर मतं मागता येतात. कंत्राट निघतं. आणि मुख्य म्हणजे, तुझी नोकरी पलीकडच्या माणसाने खाल्ली, असं कामगाराला सांगता येतं, म्हणजे गिरणी कुणी विकली हे तो विचारत नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. १९४० साली त्यांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. फाळणी झाली तर हिंदुस्थानची नैसर्गिक सरहद्द जाईल, मग रक्षण कसं होणार, असा लोकांचा आक्षेप होता. बाबासाहेबांनी तो आक्षेप थंड डोक्याने तपासला. नैसर्गिक सरहद्द नसली तरी आधुनिक तंत्राने तटबंदी करता येते, असं त्यांनी मांडलं. पण सीमा किती भक्कम यापेक्षा सैन्य किती भरवशाचं, हा प्रश्न त्यांनी मोठा मानला. म्हणजे दगडापेक्षा माणूस महत्त्वाचा.

आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या भाषणात त्यांनी देशाला सावध केलं. भारताने आपलं स्वातंत्र्य पूर्वी गमावलं ते आपल्याच माणसांच्या फितुरीमुळे. सिंधच्या दाहीर राजाच्या सरदारांनी लाच खाल्ली, असा दाखला त्यांनी दिला. आणि पुढे जाऊन सांगितलं की राजकीय समता दिली पण सामाजिक आणि आर्थिक विषमता ठेवली तर विषमतेने पोळलेले लोक ही लोकशाहीची इमारतच उडवून देतील. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा याहून मोठा धडा मला दुसरीकडे सापडला नाही. चीनच्या शानहाई नाक्यावर हेच घडलं होतं.

आणि बंधू-भगिनींनो, भिंत म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गावकुसाबाहेर आपले बापजादे राहिले. गावाला वाटायचं, कुसाने आपण सुरक्षित झालो. पण ज्या देशाने आपल्याच माणसांना कुसाबाहेर ठेवलं त्याची ताकद अर्धी झाली. तामिळनाडूत मदुराई जिल्ह्यातल्या उथापुरम गावात १९८९ साली दलित वस्तीच्या बाजूला सवर्णांनी भिंत घातली. वीस वर्षं होत आली तेव्हा, मे २००८ मध्ये, शासनाने तिचा थोडा भाग पाडून वाट केली. सीमेवरची भिंत आणि ही भिंत मापाने वेगळ्या, पण पाया एकच असतो : पलीकडच्याला न भेटताच त्याची भीती धरणे.

भिंतीशिवाय सीमा सुटते काय? सुटते. कूचबिहारच्या भागात भारताची १११ गावठाणं बांगलादेशाने वेढलेली होती आणि बांगलादेशाची ५१ भारताने वेढलेली. तिथल्या माणसांना ना शाळा, ना रेशन, ना मत. १९७४ साली दोन देशांनी करार केला. तो अमलात यायला ४१ वर्षं लागली, पण ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली आणि हजारो माणसांना देश मिळाला. एक गोळी उडाली नाही. टेबलावर बसून सीमा ठरते, फक्त बसायची तयारी लागते.

भरतीला जाणाऱ्या माझ्या मुलांनो, शेवटचं तुमच्याशी बोलतो. भरती जरूर व्हा. वर्दी अंगावर चढवा, आईबापाचं नाव काढा. पण एवढं ध्यानात ठेवा की सरकार तुम्हाला तारेपाशी उभं करेल ते तारेला डोळे नाहीत म्हणून. तुमच्या पुढ्यात गिरणीच्या गेटसारखी वेळ येईल, डबा तपासायचा गरिबाचा आणि सोडायचा सहीवाल्याचा ट्रक. तेव्हा लाचेला हात लावू नका. शत्रू आला तर ओंबळेंसारखी पकड सोडू नका. आणि पाण्याजवळ वाकलेला माणूस दिसला तर त्या बुरुजावरच्या उपासकासारखं आधी विचारा : कोण आहेस, कुठून आलास? शत्रू कोण आणि वाटसरू कोण हे ओळखणं, हीच पहारेकऱ्याची खरी विद्या. ती भिंतीला येत नाही. ती अभ्यासाने येते, आणि त्यासाठीच ही अभ्यासिका आहे.



नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!